डिबेट बघून कुणाचं मत खरंच बदलतं का?

पायरीचा_आंबा | २८ जून २०२४, सकाळी ९:१०

आत्ताच टीव्ही बंद केला. इथे न्यू जर्सीत मध्यरात्र व्हायला आली आणि झोप येत नाहीये, म्हणून हा धागा.

अटलांटात सीएनएनच्या स्टुडिओत बायडन आणि ट्रम्प दीड तास समोरासमोर होते. प्रेक्षक नाहीत, हातात टिपणं नाहीत, एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: देशाच्या कर्जावर प्रश्न होता. बायडन अब्जाधीशांवरच्या करापासून निघाले, तिथून पाळणाघरं, म्हाताऱ्यांची देखभाल, मग कोविड, आणि तिथेच अडकले. खाली बघितलं, पुन्हा जुळवाजुळव केली आणि म्हणाले, ‘वी फायनली बीट मेडिकेअर’. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा. अखेर मेडिकेअरला हरवलं! तेवढ्यात वेळ संपली. सूत्रधार जेक टॅपर ‘थँक यू’ म्हणून मोकळा. ट्रम्पनी लगेच उचललं, म्हणे बरोबर आहे, हरवलंच, मरेस्तोवर हाणलं.

मी सोफ्यावरच्या उशीत तोंड खुपसलं.

प्रश्न साधा आहे. कोण जिंकलं ते विचारत नाही, ते सगळे चॅनेल ओरडून सांगतायत. डिबेट बघून तुमचं स्वतःचं किंवा ओळखीतल्या एका तरी माणसाचं मत बदललंय का? यंदाच असं नाही, कधीही. बदललं असेल तर नेमकं काय बघून?

मोदी-राहुल इथे आणू नका, प्लीज.

रंकाळा | सकाळी ९:२२

‘आणू नका’ म्हटलास म्हणजे येणारच. मी खुर्ची घेऊन बसलोय.

पर्वतीपायथा | सकाळी ९:४१

रात्री दीडला गयानातली टी-२० वर्ल्डकपची सेमीफायनल संपली. इंग्लंडला १०३ वर गुंडाळलं, कुलदीप आणि अक्षरने तीन-तीन काढले, म्हटलं आता शांत झोपू. पण साडेसहाला अमेरिकेचा सामना होता. चार तासांच्या झोपेवर दोन्ही बघितलं. रात्रीचं जास्त आवडलं.

पुण्यात बसून मला मत नाही, पण १९८४ पासून या डिबेट वाचतोय-बघतोय. तेव्हा रेगन ७३ वर्षांचे. लुइव्हिलच्या पहिल्या डिबेटमध्ये असेच चाचपडले होते आणि वयाची चर्चा सुरू झाली होती. दोन आठवड्यांनी कॅन्सस सिटीत वयाचा प्रश्न आलाच. तेव्हा म्हणाले, प्रतिस्पर्ध्याचं तरुण वय आणि अननुभव याचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. समोर उभे असलेले मॉन्डेलसुद्धा हसले. पुढे रेगननी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकली. बायडनना तसा एक षट्कार हवा होता. काल बॅटला बॉलच लागला नाही.

टेक्सास_तात्या | सकाळी ९:५५

मी ट्रम्पवाला आहे हे इथे सर्वांना माहीत आहे, त्यामुळे माझं मत बदलायचा प्रश्न नाही. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. चार महिने आम्ही म्हणत होतो की या माणसाला जमत नाहीये, तर आम्हाला सांगत होते ते व्हिडिओ कापलेले आहेत, तुम्ही व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवता. काल तर कुणी कापलं नव्हतं ना?

चकलीचा_सोऱ्या | सकाळी १०:०८

तात्या, तो मुद्दा मान्य. पण दुसरी बाजूही बघा. मी ओहायोत फार्मसीत काम करते. इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलर ही मेडिकेअरवाल्यांसाठी बायडन सरकारची सगळ्यात ठोस गोष्ट. काउंटरवर मी रोज बघते, लोकांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. आणि काल हेच सांगताना ते १५ डॉलर म्हणाले. स्वतःच्या कामाचा आकडा चुकला! मी टीव्हीशी भांडले, ‘अहो पस्तीस, पस्तीस!’ म्हणून.

आणि तुमचे साहेब म्हणाले की काही राज्यांत बाळ जन्मल्यावर मारायची परवानगी आहे. कुठल्याच राज्यात नाही. त्यावर टॅपर किंवा दुसरी सूत्रधार डेना बॅश कुणी चकार शब्द काढला नाही. एक अडखळत खरं सांगतोय, तेही चुकीच्या आकड्यांत, आणि दुसरा ठणठणीत आवाजात वाट्टेल ते. बघणाऱ्याला काय आठवणार? आवाज.

नागपुरी_तडका | सकाळी १०:१५

बाकी सोडा. ते गॉल्फचं काय होतं बाप्पा? अण्वस्त्रांची चावी ज्यांच्या खिशात असते ते दोघं ‘माझा हॅन्डिकॅप सहा होता’, ‘तुझा स्विंग पाहिला आहे मी’ करत होते. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून दोन रिटायर्ड काका असेच भांडतात. तिथे निदान चहा तरी मिळते.

पायरीचा_आंबा | सकाळी १०:१९

हसून हसून पुरेवाट. ट्रम्प तिथे म्हणाले की पोरांसारखं वागू नका. बायडन म्हणाले, तुम्हीच पोर आहात. वय ७८ आणि ८१.

पीचट्री | सकाळी १०:३७

अटलांटाकर हजर. पत्रकारांना स्टुडिओत जागाच नव्हती, त्यांना जवळच जॉर्जिया टेकच्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये बसवलं होतं. म्हणजे शेकडो पत्रकार अटलांटाला येऊन तुमच्या-आमच्यासारखे टीव्हीच बघत होते.

माझा अनुभव जरा वेगळा आहे. नवऱ्याला एअरपोर्टवरून आणायला गेले होते, त्यामुळे पहिली चाळीस मिनिटं गाडीत रेडिओवर ऐकली. आवाज घोगरा वाटला, मध्येच वाक्यं तुटत होती. मी नवऱ्याला म्हटलं, सर्दी झालेली दिसतेय. मेडिकेअरचं ऐकलं तेव्हा दोघंही गप्प झालो, पण नंतर बऱ्यापैकी सावरल्यासारखे वाटले. घरी येऊन टीव्ही लावला आणि पोटात गोळा आला. पडद्याचे दोन भाग. डावीकडे ट्रम्प बोलतायत, उजवीकडे बायडन ऐकतायत. तोंड अर्धवट उघडं, नजर कुठेतरी खाली, पापणी हलत नाही. हे रेडिओवर ऐकू येणारच नव्हतं! रेडिओवर फक्त बोलणारा असतो. टीव्हीवर गप्प उभा असलेलाही असतो, आणि काल लोकांनी निकाल लावला तो गप्प असलेल्या बायडनचा.

पर्वतीपायथा | सकाळी १०:५२

पीचट्रीताई, तुम्ही नकळत १९६० ला पोचलात. केनेडी-निक्सन, २६ सप्टेंबर, शिकागो. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकते उठलेले, वजन उतरलेलं, करडा सूट मागच्या भिंतीत विरून गेलेला आणि दाढीच्या खुंटांवर पावडर.

उलटतपासणी | सकाळी ११:०६

काका, ती रेडिओ-टीव्हीची गोष्ट प्रत्येक पत्रकारितेच्या वर्गात सांगतात, पण तिचा पाया कच्चा आहे. एका सर्वेक्षणात रेडिओ ऐकून मत देणारे लोक तीनशेसुद्धा नव्हते. आणि १९६० मध्ये ज्यांच्याकडे फक्त रेडिओ होता ते जास्त करून खेड्यातले, म्हणजे आधीच निक्सनकडे कललेले असणार. ऐकून मत बदललं की मत होतं म्हणून तसं ऐकू आलं, हे त्यावरून सांगता येत नाही.

पर्वतीपायथा | सकाळी ११:१४

उलटतपासणीचं नाव सार्थ आहे. बरं, सर्वेक्षण सोडू. पण निक्सन बोलत नसताना कॅमेरा त्यांच्यावर जायचा आणि ते घाम पुसताना दिसायचे, हे तर चित्रफितीत आहे. १९९२ मध्ये थोरले बुश रिचमंडच्या डिबेटमध्ये एका बाईचा प्रश्न चालू असताना घड्याळ बघताना सापडले. २००० मध्ये अल गोर दुसऱ्याच्या उत्तरावर मोठमोठे उसासे टाकत होते. एकही जण त्या क्षणी बोलत नव्हता. ताईंच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन.

रंकाळा | सकाळी ११:२०

आणि १९७६ विसरलात? फोर्ड-कार्टर, फिलाडेल्फिया. आवाजाची यंत्रणा बंद पडली आणि दोघं २७ मिनिटं पोडियममागे नुसते उभे राहिले. एकमेकांशी शब्द नाही, बसले पण नाहीत. खरी म्यूटवाली डिबेट तीच की.

नागपुरी_तडका | सकाळी ११:२३

२७ मिनिटं दोन राजकारणी गप्प? हे आमच्याकडे दाखवा कोणीतरी.

उलटतपासणी | सकाळी ११:४०

आलंच आहे तर बोलतो. मे महिन्यात न्या. मदन लोकूर, मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती राहिलेले अजित प्रकाश शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी दोघांना पत्र लिहून जाहीर चर्चेला बोलावलं होतं. राहुल गांधी हो म्हणाले. चर्चा झाली नाही. आपण अमेरिकेच्या म्हाताऱ्यांना हसतोय, पण ते दीड तास कागदाशिवाय उभे तरी राहिले. आपल्याकडचा नेता टेलिप्रॉम्प्टरशिवाय, आपल्या माणसाने न घेतलेल्या मुलाखतीत शेवटचा कधी दिसला?

रंकाळा | सकाळी ११:४१

आले आले! बाराव्या-तेराव्या प्रतिसादात. दहावा म्हणणार होतो.

टेक्सास_तात्या | सकाळी ११:५८

आपल्याकडे खासदार निवडतात, पंतप्रधान नाही. अध्यक्षीय पद्धतीतली गोष्ट संसदीय पद्धतीत कशी चालेल?

उलटतपासणी | दुपारी १२:०७

ब्रिटनमध्ये चालते, तात्या. २०१० पासून. सुनक आणि स्टार्मर परवाच बीबीसीवर भांडले, ४ जुलैला तिथे मतदान आहे. पद्धतीचं कारण नाही, इच्छेचं आहे.

रंकाळा | दुपारी १२:२०

आपल्याकडं डिबेट नसली तरी नुसतं चित्र चालतंय की. २०१९ ला साताऱ्यात पवारसाहेब पावसात भिजत बोलले. काय बोलले ते दहाजणांना विचार, नऊ जणांना नुसता पाऊस आठवतोय. लोकसभेला उमेदवार निवडताना चूक झाली असं कबूल केलं होतं त्यात, पण फोटो बघून मत फिरलं. आमच्या घरात आत्याचं फिरलं. धागाकर्ते, घ्या एक उत्तर. डिबेट नव्हती, पण बदललं.

पायरीचा_आंबा | दुपारी १२:२६

धन्यवाद रंकाळा, पंचवीस प्रतिसादांच्या आत प्रश्नाचं उत्तर देणारे तुम्ही पहिले. तेही प्रश्नाच्या बाहेरचं.

व्यवस्थापक | दुपारी १:०२

मोदी-राहुलवरचे चार वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत. तो विषय वेगळ्या धाग्यावर. इथे डिबेटवर बोला.

तळ्यात_मळ्यात | सायंकाळी ६:४८

सकाळपासून वाचतेय, आता सुट्टीच्या वेळात लिहिते. पेनसिल्व्हेनिया, म्हणजे जिथल्या मतासाठी दोघंही आमच्या टपालपेटीत रोज पत्रकं कोंबतात तिथून.

मला एक विचारायचंय, पायरीचा_आंबा. तुला मत आहे का?

पायरीचा_आंबा | सायंकाळी ६:५५

नाही हो. एच-वन व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत. कालच्या नव्वद मिनिटांत सीमेवर किती वेळ गेला, पण कायदेशीर रांगेतल्यांबद्दल अवाक्षर नाही. आठवड्यापूर्वीच एका पॉडकास्टवर ट्रम्प म्हणाले होते की कॉलेजची पदवी घेतली की सोबत ग्रीन कार्ड देऊन टाकू. आमच्या ऑफिसात दोन दिवस तेच. काल त्यावर प्रश्न येईल म्हणून मी पेपर-पेन घेऊन बसलो होतो.

तळ्यात_मळ्यात | सायंकाळी ७:१२

मग ऐक. मी नागरिक झाल्यापासून मत देतेय. माझं मत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कधीही गेलं नाही. कुणाही मराठी घरात मी ते जाताना पाहिलं नाही, अमेरिकन शेजाऱ्यांतही फारसं नाही. बदलतं ते वेगळंच. काल डिबेट संपल्यावर नवरा म्हणाला, नोव्हेंबरात त्या दिवशी सुट्टी कशाला टाकायची? म्हणजे ट्रम्पना द्यायचं असं नाही, जायचंच नाही. आमच्या गल्लीत ज्यांनी अंगणात उमेदवाराची पाटी लावली आहे त्यांचा प्रश्नच नाही. पण जायचं की घरी बसायचं, हे काल फिरलं. आणि आमच्या राज्यात घरी बसलेल्यांनीच निकाल लागतो.

पीचट्री | सायंकाळी ७:३०

+१. आमच्या वॉच पार्टीच्या ग्रुपवर काल रात्रीपासून शुकशुकाट आहे. एरवी गुड मॉर्निंगच्या फुलांनी फोन तापतो.

चकलीचा_सोऱ्या | रात्री ८:१५

उतरताना जिल बायडननी हात धरून पायरीवरून खाली आणलं ते पाहिलंत? नंतर समर्थकांपुढे म्हणाल्या, ‘जो, तू छान केलंस, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलंस.’ मी बायको आहे, मला कळलं ती काय करत होती. पण ते कॅमेऱ्यापुढे नको होतं.

टेक्सास_तात्या | रात्री ८:४०

काय गंमत आहे बघा. माइक बंद ठेवा, प्रेक्षक नकोत, या अटी बायडनच्या लोकांनीच मागितल्या होत्या. २०२० मध्ये क्लीव्हलंडला ट्रम्पनी इतकं मध्ये मध्ये बोललं की लोक वैतागले. बायडन ‘विल यू शट अप, मॅन’ म्हणाले ते त्याच वेळी. काल माइक बंद असल्याने ट्रम्प सभ्य दिसले. म्हणजे त्यांनी स्वतःच्या हाताने आमच्या उमेदवाराला शिस्त लावून दिली.

उलटतपासणी | रात्री ९:०५

हे मात्र सोळा आणे खरं. आणि तारीखही त्यांनीच अलीकडे ओढली. सप्टेंबरच्या आधी अशी डिबेट कधी झाली नव्हती. अजून दोन्ही पक्षांची उमेदवारी जाहीर करणारी अधिवेशनंही व्हायची आहेत. डेमोक्रॅटांचं ऑगस्टमध्ये शिकागोत आहे. याचा अर्थ कागदोपत्री बायडन अजून उमेदवार नाहीत. बघा काय होतं.

पर्वतीपायथा | २९ जून २०२४, सकाळी ७:५०

न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादक मंडळाने थेट लिहिलंय की बाजूला व्हा. आणि तिकडे नॉर्थ कॅरोलायनात राली इथल्या सभेत बायडन टेलिप्रॉम्प्टरसमोर ठणठणीत. म्हणाले, पूर्वीसारखं झरझर चालता येत नाही, पूर्वीसारखी डिबेटही जमत नाही, पण खरं कसं बोलायचं ते माहीत आहे. हे एक वाक्य आदल्या रात्री म्हणायला हवं होतं.

असो. आज फायनल. हा धागा रात्री बंद ठेवा.

नागपुरी_तडका | ३० जून २०२४, सकाळी ८:०५

विश्वविजेते!!! सूर्याचा तो कॅच!! अवांतराबद्दल क्षमस्व. नाही, क्षमस्व नाहीच.

पायरीचा_आंबा | २१ जुलै २०२४, रात्री ११:४४

धागा वर काढतोय. बायडननी माघार घेतली. एक्सवर पत्र टाकलं, थोड्या वेळाने कमला हॅरिसला पाठिंबा. डिबेटला चोवीस दिवस झाले.

उलटतपासणी, तुमच्या ‘बघा काय होतं’ला दंडवत.

उलटतपासणी | २२ जुलै २०२४, सकाळी ८:१०

दंडवत नको. यात मला जे दिसतं ते एवढंच: त्या रात्री जवळजवळ ५ कोटी १० लाख लोकांनी ती डिबेट घरोघरी पाहिली. सीएनएनच्या झटपट पाहणीत ६७ टक्के म्हणाले ट्रम्प, ३३ टक्के बायडन. पण मतदार पाहण्यांमधला तोल फारसा ढळला नव्हता, दोन-तीन टक्क्यांचा खेळ. बायडन गेले ते मतदारांमुळे नाही. देणगीदार आणि अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, सदस्य हेही त्या रात्री टीव्हीपुढे होते, त्यांच्यामुळे गेले. म्हणजे पायरीचा_आंबाच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मतं बदलली. काही शे जणांची. तीच महाग होती.

टेक्सास_तात्या | सकाळी ८:३२

पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्यांत एक कोटीहून जास्त लोकांनी मतं दिली होती बायडनना. त्यांचं काय? लोकशाही वाचवणारे हेच ना?

तळ्यात_मळ्यात | सायंकाळी ६:३०

तात्या, मी त्या प्राथमिक फेरीत मत दिलं होतं आणि आज माझी काही तक्रार नाही. नवऱ्याने नोव्हेंबरची सुट्टी टाकली आज. लगेच. कॅलेंडरवर गोल केलाय.

चकलीचा_सोऱ्या | ११ सप्टेंबर २०२४, सकाळी ९:५०

पुन्हा वर. काल रात्रीची फिलाडेल्फियाची ट्रम्प-कमला डिबेट कोणी कोणी पाहिली? मी ओहायोत आहे हे लक्षात घेऊन बोला. स्प्रिंगफील्ड इथून तासाभरावर. तिथल्या हैतीहून आलेल्यांबद्दल ट्रम्पचं ‘ते कुत्री खातायत, मांजरं खातायत’ ऐकून आमच्या घरातली मुलं सोफ्यावरून खाली पडली हसून. मी नाही हसले. आमच्या दुकानात हैतीहून आलेल्या दोन जणी काम करतात, आज त्या कामावर येताना कुणाकुणाच्या नजरा झेलत येतील हा विचार आला. सूत्रधाराने, डेव्हिड म्यूरने, तिथल्या शहर व्यवस्थापकाचा हवाला देऊन सांगितलं की याला पुरावा नाही. जूनमध्ये असं कुणी टोकत नव्हतं.

पीचट्री | सकाळी १०:१५

मी मुद्दाम पुन्हा तोच खेळ खेळले. यावेळी टीव्हीवर आवाज बंद करून पहिली वीस मिनिटं. सुरुवातीलाच कमला चालत थेट ट्रम्पच्या पोडियमपर्यंत गेल्या आणि हात पुढे केला. मग तो बोलत असताना हनुवटीला हात, एक भुवई वर, मान किंचित तिरकी. बायडनची चूक कुणीतरी नीट बसून अभ्यासली आहे. माइक बंद असताना काय करायचं याची तालीम झालेली.

टेक्सास_तात्या | सकाळी १०:४०

तालीमच. नाटक होतं सगळं. प्रश्न महागाईचा होता आणि उत्तर ‘मी मध्यमवर्गीय घरात वाढले’. अंडी किती डॉलरला झाली ते सांगा. आणि तिघांशी एकटा भांडत होता तो, दोन सूत्रधार धरून.

नागपुरी_तडका | सकाळी १०:५५

तात्या, आरोग्य विम्याच्या योजनेबद्दल नऊ वर्षांनी ‘कॉन्सेप्ट्स ऑफ अ प्लॅन’? मी उद्या बॉसला सांगतो, रिपोर्ट तयार नाही साहेब, रिपोर्टची संकल्पना आहे.

टेक्सास_तात्या | सकाळी ११:०१

ते वाक्य मलाही आवडलं नाही. आणि सभेला लोक कंटाळून उठून जातात म्हणून तिने खिजवलं, तिथे तो चिडला. चिडायला नको होतं. बस, एवढंच मान्य करेन.

पर्वतीपायथा | सकाळी ११:३०

तात्यांकडून एवढं म्हणजे पुष्कळ. सीएनएनच्या पाहणीत ६३ विरुद्ध ३७, कमला. बघणारे ६ कोटी ७० लाख, जूनपेक्षा बरेच जास्त. तरी सांगून ठेवतो, २०१६ मध्ये हिलरीबाई तिन्ही डिबेट जिंकल्या होत्या, २००४ मध्ये केरीही बुशना भारी पडले होते. डिबेटची ट्रॉफी व्हाइट हाउसमध्ये ठेवता येत नाही.

पायरीचा_आंबा | ७ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७:४०

काका, तुमच्या तोंडात साखर पडो की कडुनिंब ते प्रत्येकाने आपापलं ठरवा. ट्रम्प आले. पेनसिल्व्हेनियासकट.

तळ्यात_मळ्यात, नवरा गेला का मत द्यायला?

टेक्सास_तात्या | सकाळी ७:५५

मी आज काहीच बोलत नाही. फक्त जिलेबी आणलीय, पत्ता माहीत आहे सगळ्यांना.

चकलीचा_सोऱ्या | सकाळी ८:२०

जिलेबी खाईन, तात्या. पण इन्सुलिन पस्तीसचं राहिलं तर.

उलटतपासणी | सकाळी ८:४५

सप्टेंबरच्या डिबेटचा परिणाम शून्य म्हणू नका. ती नसती तर अंतर आणखी वाढलं असतं का, हे कुणालाच तपासता येणार नाही. पण जूनचा परिणाम मोजता येतो: उमेदवार बदलला, आणि नव्या उमेदवाराला प्रचाराला साडेतीन महिने मिळाले. एरवी लोक दीड-दोन वर्षं फिरतात.

पीचट्री | सकाळी ९:१०

मला वाटतं तुम्ही जूनला फार श्रेय देताय. बायडन तेव्हा बरे बोलले असते तरी ऑगस्टमध्ये कुठेतरी अडकले असतेच. डिबेटने फक्त वेळ ठरवली.

उलटतपासणी | सकाळी ९:१८

वेळच तर सगळं असते. ऑगस्टनंतर बदलता आलं नसतं.

तळ्यात_मळ्यात | सायंकाळी ७:०५

नवरा गेला. मीही गेले. दीड तास रांगेत होतो, शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली.

आणि पायरीचा_आंबा, तुझ्यासाठी एक उत्तर मिळालं एकदाचं. शेजारी एक जण आहेत, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त. अंगणात कुणाचीच पाटी नाही, कुठल्याच पक्षाला बांधलेले नाहीत. दोन्ही डिबेट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेला आमच्या गल्लीतला एकमेव माणूस. काल पानं गोळा करताना भेटले. मी सरळ विचारलं. म्हणाले, सप्टेंबरची ती जिंकली, शंकाच नाही, त्याला पार घोळात घेतलं. मग मत कोणाला दिलं? तर म्हणाले, त्याला. का? किराण्याच्या पावत्या त्यांनी चार वर्षं एका डब्यात साठवल्या आहेत. त्यांतल्या दोन मला आत जाऊन आणून दाखवल्या.

नागपुरी_तडका | सायंकाळी ७:१४

म्हणजे जिंकली ती, आणि मत त्याले?

तळ्यात_मळ्यात | सायंकाळी ७:२०

हो. पुढच्या वेळेसही दोन्ही बघणार म्हणाले. आवडतं म्हणे बघायला.